एका सिंहासनावर दोन राजे : आर्डुइनोच्या वीजपुरवठ्याचा इतिहास

इ.स. १००२. उत्तर इटलीतील पाविया नगरात इव्रेआचा सरदार आर्दुइन याने इटलीच्या राजपदाचा मुकुट मस्तकी धारण केला. अवघ्या दोन वर्षांत जर्मनीचा राजा दुसरा हेन्री आल्प्स ओलांडून त्याच पावियात उतरला आणि तोच मुकुट त्यानेही धारण केला. पुढची दहा वर्षे इटलीला, निदान दाव्यापुरते, दोन राजे होते. १०१४ साली आर्दुइनने राजपद सोडले आणि पुढच्याच वर्षी फ्रुत्तुआरियाच्या मठात त्याचे निधन झाले.

या पराभूत राजाच्या नावाचा एक बार इव्रेआत होता. तिथे ऊठबस असलेल्या काही शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी २००५ साली तळहातावर मावेल एवढ्या एका इलेक्ट्रॉनिक बोर्डाला त्याचे नाव दिले : आर्डुइनो. आज शाळांपासून अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत हा बोर्ड ठाऊक नाही असे ठिकाण विरळा. त्याची कीर्ती सर्वांना माहीत आहे. या धाग्यात मात्र त्याच्या एका उपेक्षित कोपऱ्याचा इतिहास पाहायचा आहे : त्याला वीज द्यायची कशी, आणि देताना तो (आणि शेजारचा लॅपटॉप) जळू द्यायचा नाही कसा.

प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु नवशिक्यांच्या हातून बोर्ड निकामी होण्याचे प्रकार पाहिले तर त्यांतील मोठा वाटा बाहेरून वीज जोडतानाच्या चुकांचा असतो. ‘रग्ड सर्किट्स’ या व्यवसायाने आर्डुइनो नष्ट करण्याच्या दहा पद्धतींची एक यादीच प्रसिद्ध केली होती. तिच्यातील जवळपास निम्म्या पद्धती वीजपुरवठ्याच्या होत्या.

सुरुवात करावी लागते ती पाच व्होल्टपासून. हा आकडा आला कुठून? १९६४ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ५४०० या क्रमांकाची तर्कपरिपथांची मालिका काढली आणि १९६६ साली तिची स्वस्त नागरी आवृत्ती, प्रख्यात ७४०० मालिका, बाजारात आणली. या चिपांना पाच व्होल्ट लागत, आणि तेही काटेकोर : ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान. ही मालिका इतकी पसरली की पाच व्होल्ट हे अंकीय इलेक्ट्रॉनिक्सचे चलनी नाणेच झाले. मूळ चिपा मागे पडल्या, नाणे राहिले. १९९६ साली यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले तेव्हा त्यातही पाचच व्होल्ट होते. (ते मानक घडवणाऱ्या इंटेलच्या चमूचे नेतृत्व करणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. सयाजीराव गायकवाडांच्या नावाची मुद्रा अशी अनपेक्षित ठिकाणीही सापडते.)

पाच व्होल्ट हवेत, हे ठरले. पण घरात ते मिळत नसत. घरात असे बॅटरी, किंवा भिंतीतल्या सॉकेटात खोचायचा तो काळा जड ठोकळा, ज्याला आपल्याकडे ‘बॅटरी एलिमिनेटर’ म्हणत. या एलिमिनेटरचा स्वभाव जुन्या पिढीला चांगला ठाऊक आहे. त्यावर नऊ व्होल्ट लिहिलेले असे, पण भार नसताना मीटर लावला तर बारा-तेरा दिसत. आत केवळ ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एक कपॅसिटर. दाब स्थिर ठेवणारे काहीच नाही. काहींवर तर धन आणि ऋण टोके उलटसुलट करणारे बटणही असे. रेडिओला हे चालून जाई. पाच टक्के इकडेतिकडे न खपवणाऱ्या चिपेला चालत नसे.

हे अंतर भरून काढले ते बॉब विडलर नावाच्या विक्षिप्त प्रतिभावंताने. नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये असताना, १९७०च्या सुमारास, त्याने एलएम३०९ ही चिप घडवली. वर जास्त व्होल्ट द्या, खाली स्थिर पाच व्होल्ट घ्या. तीन पाय, बाकी कटकट नाही. तिच्यातील खरी दूरदृष्टी मात्र वेगळीच होती. प्रवाह फार वाढला तर ती तो रोखून धरी, आणि अंग फार तापले तर स्वतःहून बंद होई. वापरणारा चुकणारच, हे गृहीत धरून केलेली ही रचना होती. पुढे फेअरचाइल्डने काढलेल्या ७८०० मालिकेतील ७८०५ हा तिचाच धाकटा भाऊ म्हणावा असा रेग्युलेटर. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘अठ्ठ्याहत्तर शून्य पाच’ एवढे म्हटले की दुकानदार दुसरा प्रश्न विचारत नाही. विडलर स्वतः १९७०च्या अखेरीस, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, नोकरी सोडून मेक्सिकोच्या समुद्रकिनारी राहायला गेला.

या जातीच्या रेग्युलेटरचा एक मूलभूत दोष आहे आणि तो समजल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. तो जादा दाब वाचवत नाही, जाळतो. आत बारा व्होल्ट, बाहेर पाच, म्हणजे मधल्या सात व्होल्टांची उष्णता होते. प्रवाह दोनशे मिलिअँपिअर असेल तर सात गुणिले ०.२, म्हणजे १.४ वॅट. पाचशे मिलिअँपिअरला तीच उष्णता ३.५ वॅट होते, आणि लहानशा चिपेला हीटसिंकशिवाय तेवढी उष्णता अंगावेगळी करणे अशक्य. दुसऱ्या बाजूने, काम चालण्यासाठी त्याला आत बाहेरपेक्षा काही दाब जास्त लागतोच. ७८०५ला साधारण दोन व्होल्ट. वर फार तर जळतो, खाली फार तर उपाशी राहतो. सुरक्षित पट्टा मधला.

आता पुन्हा इव्रेआ. हे गाव ऑलिवेत्तीचे. कामिल्लो ऑलिवेत्तीने १९०८ साली इथे टंकलेखन यंत्रांचा कारखाना काढला, आणि विसाव्या शतकातील औद्योगिक नगर म्हणून २०१८ साली युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाचा मान दिला. २००१ साली ऑलिवेत्ती आणि टेलिकॉम इटालिया यांच्या पाठबळावर इथे इंटरॅक्शन डिझाइनची संस्था सुरू झाली. तिचे विद्यार्थी अभियंते नव्हते, रचनाकार होते. प्रकाशणारे कपडे, बोलणाऱ्या वस्तू, स्पर्शाला प्रतिसाद देणारी भिंत, असे काहीबाही त्यांना घडवायचे असे. ओहमचा नियम पाठ असेलच अशी खात्री नसे.

त्यांच्यासाठी कोलंबियाचा विद्यार्थी एर्नांदो बार्रागान याने आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाचा बोर्ड आणि त्याची सोपी आज्ञाप्रणाली घडवली. मास्सिमो बांझी हा त्याच्या मार्गदर्शकांपैकी एक. पुढे बांझी, दाविद कुआर्तिएयेस, टॉम आयगो, जानलुका मार्तिनो आणि डेव्हिड मेलिस यांनी त्याहून स्वस्त चिप वापरून जो बोर्ड केला तो आर्डुइनो. बार्रागानचे नाव या कथेत बहुधा तळटीपेत ढकलले जाते. ते न्याय्य नाही; आर्डुइनोची आज्ञाप्रणाली बरीचशी त्याच्याच पायावर उभी आहे.

मुद्दा असा की ज्याला वीज कळत नाही अशा माणसाच्या हाती वीज द्यायची होती. आणि बोर्डाला वीज येण्याच्या वाटा दोन होत्या. एक, यूएसबीची तार, जी एरवीही प्रोग्रॅम चढवण्यासाठी लागेच. दुसरी, गोल जॅक, ज्यात अ‍ॅडॅप्टर किंवा नऊ व्होल्टची बॅटरी जोडता येई. दोन्ही वाटा शेवटी एकाच पाच व्होल्टच्या रेषेवर येऊन मिळत. एक सिंहासन, दोन दावेदार.

यूएसबीवर चालणाऱ्या सुरुवातीच्या बोर्डांनी हा तंटा ज्या प्रकारे सोडवला तो प्रामाणिक, पण थोडा निष्ठुर होता. बोर्डावर ओळीने तीन पिना आणि त्यांतील दोनच पिना जोडणारी प्लास्टिकची एक चिमुकली टोपी, म्हणजे जंपर. टोपी एकीकडे बसवली की यूएसबीची वीज, दुसरीकडे बसवली की बाहेरची. निवड माणसाने करायची. तांत्रिकदृष्ट्या यात काही खोट नव्हती. दोन पुरवठे एकमेकांना भिडण्याचा प्रश्नच येत नसे. पण टोपी हरवे. चुकीच्या बाजूला राही. अ‍ॅडॅप्टर लावूनही बोर्ड मृतवत पडलेला पाहून विद्यार्थी तासभर आपल्या प्रोग्रॅममधील चूक शोधत बसे.

२००७ साली ‘दिएचिमिला’ नावाचा बोर्ड आला. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ दहा हजार; तेवढे बोर्ड तयार झाल्याचा तो उत्सव होता. जंपर त्यावरही होता, परंतु वीजपुरवठ्यात दोन सुधारणा झाल्या. रेग्युलेटर बदलून कमी जादा दाबावर चालणारा घेतला गेला, आणि यूएसबीच्या वाटेवर पॉलिफ्यूज बसला.

या पॉलिफ्यूजवर क्षणभर थांबले पाहिजे, कारण त्याने वाचवलेल्या लॅपटॉपांची गणती कोणी ठेवलेली नाही. नेहमीचा फ्यूज एकदा उडाला की बदलावा लागतो. पॉलिफ्यूजमध्ये कार्बनचे कण मिसळलेले प्लास्टिकसदृश द्रव्य असते. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ते तापते, फुगते, कणांमधील सलगता तुटते आणि रोध प्रचंड वाढतो. तार काढून थोडा वेळ थांबले की ते निवते व पूर्ववत होते. आर्डुइनोवरील पॉलिफ्यूज पाचशे मिलिअँपिअरचा, कारण यूएसबीच्या मूळ मानकात संगणकाकडून मागून घेता येणारा प्रवाह जास्तीत जास्त तेवढाच होता. मात्र हा पहारेकरी एकाच दरवाजावर उभा आहे. गोल जॅकच्या वाटेवर तो नाही. ‘फ्यूज आहे ना’ या भरवशावर अ‍ॅडॅप्टरच्या बाजूने केलेले धाडस महागात पडते.

जंपरचा अंत झाला २००८च्या अखेरीस. त्या वेळी आलेल्या बोर्डाचे नाव ‘दुएमिलानोवे’, म्हणजे २००९. नाव वर्षापेक्षा थोडे पुढे धावले होते. यात निवड बोर्डच करू लागला. २०१०च्या ‘उनो’नेही तीच युक्ती कायम ठेवली, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. जॅकवरून आलेल्या दाबाचे दोन समान रोधांनी दोन भाग केले जातात. त्यातील अर्धा दाब एक लहान चिप ३.३ व्होल्टशी ताडून पाहते. अर्धा भाग जास्त भरला, म्हणजेच बाहेरून ६.६ व्होल्टहून अधिक येत असले, की ती एका मॉस्फेटला बंद होण्याची आज्ञा देते आणि यूएसबीची वाट तुटते. बाहेरचा राजा समर्थ असेल तर घरचा पायउतार होतो. नसेल तर घरचाच राज्य चालवतो. आर्दुइन आणि हेन्री यांच्यात असा कोणी तोलणारा नव्हता.

या स्वयंचलित न्यायाधीशाला मात्र एक आंधळी बाजू आहे, आणि बहुतेक दुर्घटना तिथेच घडतात. तो केवळ जॅककडे आणि त्याला जोडलेल्या ‘व्ही-इन’ या पिनेकडे पाहतो. बोर्डाच्या कडेला ‘५ व्ही’ अशी एक पिन असते. ती मुळात बाहेर वीज देण्यासाठी. पण अनेकांना वाटते की आपल्याकडे पाच व्होल्टचा चांगला पुरवठा असेल तर तो थेट या पिनेत द्यावा. मधल्या रेग्युलेटरची उष्णताच नको. तर्क चुकीचा नाही. परंतु त्या वेळी व्ही-इनवर पुरेसा दाब नसल्याने न्यायाधीश समजतो की बाहेरून कोणी आलेलेच नाही, आणि यूएसबीची वाट उघडी ठेवतो. मग प्रोग्रॅम बदलण्यासाठी लॅपटॉपची तार लावली की दोन पुरवठे थेट एकमेकांना जोडले जातात. बाहेरचा ५.२ व्होल्टचा आणि लॅपटॉपचा ४.९चा असेल तर प्रवाह उलटा लॅपटॉपकडे वाहू पाहतो. म्हणून या पिनेतून वीज देऊ नये असे आर्डुइनोच्या अधिकृत पुस्तिकेत म्हटले आहे. जाणकार ती देतात, पण दोन अटींवर : पुरवठा खरोखर स्थिर पाच व्होल्टचा हवा, आणि त्या वेळी यूएसबी काढलेली हवी. पहिली अट का, तेही पाहावे. ‘उनो’वरील एटीमेगा ३२८पी या चिपेची अंतिम सहनमर्यादा सहा व्होल्ट आहे. या पिनेवर जुना एलिमिनेटर लागला तर चिप वाचण्याची आशा करू नये.

दुसरा सापळा ध्रुवतेचा. ‘उनो’चा जॅक मध्ये धन, बाहेर ऋण असा आहे, आतील पिन २.१ मिलिमीटरची. पण जगातील सर्व अ‍ॅडॅप्टर असे नाहीत. गिटारच्या पेडलांचे नऊ व्होल्टचे अ‍ॅडॅप्टर नेमके उलटे, मध्ये ऋण असतात, आणि तेही याच जॅकमध्ये घट्ट बसतात. अ‍ॅडॅप्टरवर वर्तुळ आणि ठिपक्याची जी लहान खूण छापलेली असते ती याच कारणासाठी वाचायची. सुदैवाने जॅकच्या मागे एक डायोड बसवलेला आहे; उलटी वीज आली तर तो दार लावून घेतो. पण व्ही-इनची पिन त्या डायोडच्या पलीकडे आहे. तिथे तारा उलट्या लागल्या तर अडवणारा कोणी नाही. एकाच रेषेची दोन प्रवेशद्वारे, एकावर कडी, दुसरे सताड उघडे : रचनेतील हा दोष मान्य केला पाहिजे. बचावात एवढेच म्हणता येईल की त्या डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात आणि व्ही-इन वापरणाऱ्याला ते वाचतात.

तिसरा सापळा शब्दांचा आहे. ‘उनो’च्या पुस्तिकेत मर्यादा ६ ते २० व्होल्ट अशी दिली आहे आणि शिफारस ७ ते १२ व्होल्टची. पुष्कळांनी पहिला आकडा वाचला, दुसरा नाही. वीस व्होल्टांवर बोर्ड तत्काळ मरत नाही, हे खरे. पण त्यावर दोनशे मिलिअँपिअर खेचले तर रेग्युलेटरला तीन वॅट झेलावे लागतात. तो तापतो, विडलरच्या वारशाने आलेली ती समंजस सवय जागी होते आणि तो स्वतःला बंद करतो. निवला की पुन्हा चालू. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच की बोर्ड दर मिनिटाला नव्याने सुरू होतो आहे. दोष प्रोग्रॅमवर टाकला जातो. बोटाने त्या काळ्या चिपेला हलकेच स्पर्श केला तर उत्तर तिथेच मिळते. बोट मात्र सांभाळावे.

नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचे या क्षेत्रातील स्थानही असेच गैरसमजातून आलेले. १९५०च्या दशकात ती ट्रान्झिस्टर रेडिओसाठी जन्मली, थोडा प्रवाह पुष्कळ वेळ देण्यासाठी. तिच्यातील नऊपैकी चार व्होल्ट रेग्युलेटर जाळतो, म्हणजे चव्वेचाळीस टक्के ऊर्जा केवळ उष्णतेत. त्यावर मोटार चालवण्याचा आग्रह धरला तर दाब कोसळतो आणि बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. मोटारींसाठी आणि सर्वोसाठी वेगळा पुरवठा घ्यावा आणि दोन्ही पुरवठ्यांची ग्राउंड, म्हणजे ऋण बाजू, तेवढी एकत्र जोडावी, हा नियम कार्यशाळांतून तोंडी परंपरेने चालत आला आहे. ग्राउंड जोडायची राहिली तर बोर्डाच्या संकेताला मोटारीच्या बाजूला काही अर्थच उरत नाही. उंची मोजायची तर जमीन एक हवी.

हे सारे दोष इतक्या तपशिलात ज्ञात आहेत, याचे श्रेय इव्रेआच्या मंडळींच्या एका निर्णयाला जाते. संस्था बंद पडण्याच्या वाटेवर होती. काम तिच्याबरोबर बुडू नये म्हणून बोर्डाचे आराखडे सर्वांसाठी खुले करण्यात आले. त्यामुळे प्रतिकृती झाल्या, काही तर अगदी स्वस्त, आणि भारतातील असंख्य विद्यार्थ्यांच्या हाती पहिला बोर्ड आला तो अशीच प्रतिकृती म्हणून. पण त्याबरोबर हेही झाले की व्ही-इन डायोडच्या कोणत्या बाजूला आहे हे कोणालाही आराखडा उघडून पाहता आले, आणि सुधारूनही पाहता आले. आधी उल्लेखिलेल्या ‘रग्ड सर्किट्स’चा ‘रग्गेडुइनो’ हा चिलखत चढवलेला बोर्ड त्यातूनच निघाला.

दरम्यान पाच व्होल्टचे नाणेही चलनातून जाऊ लागले होते. २०१२चा ‘आर्डुइनो ड्यू’ ३.३ व्होल्टवर चालणारा. त्याच्या पिनांना जुन्या सवयीने पाच व्होल्ट दाखवणे म्हणजे चिप गमावणे. २०२१ साली आलेल्या ‘रास्पबेरी पाय पिको’ने दोन राजांचा प्रश्न आणखी साधेपणाने सोडवला. यूएसबीची वीज एका शॉट्की डायोडमधून ‘व्हीसिस’ या पिनेवर येते, आणि त्या पिनेला १.८ ते ५.५ व्होल्ट चालतात. बाहेरचा पुरवठाही अशाच दुसऱ्या डायोडमधून द्यावा. ज्याचा दाब अधिक त्याचा प्रवाह वाहतो, आणि उलटे कोणालाच जाता येत नाही. न्यायाधीश नाही, फक्त दोन एकदिशा दरवाजे. मात्र तो दुसरा डायोड बोर्डावर नसतो, वापरणाऱ्याने आणायचा असतो, आणि इथेच विसर पडतो.

२०२३ साली ‘उनो आर४’ आला आणि विडलरपासून चालत आलेली उष्णतेची कथा या घराण्यात तरी संपली. जादा दाब जाळणाऱ्या रेग्युलेटरच्या जागी आता बक कन्व्हर्टर आहे. तो वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून दाब उतरवतो, त्यामुळे उष्णता अल्प. बाहेरून ६ ते २४ व्होल्ट चालतात, आणि यूएसबी व कन्व्हर्टर या दोन्ही वाटांवर शॉट्की डायोड आहेत.

नव्या ‘उनो’चा आकार, पिनांची मांडणी आणि गोल जॅक मात्र मुद्दाम जुन्यासारखेच ठेवले गेले, जेणेकरून जुनी जोडउपकरणे त्यावर बसावीत. त्याचा परिणाम असा की आज अनेक प्रयोगशाळांत एकाच खणात दोन्ही पिढ्यांचे ‘उनो’ शेजारी शेजारी पडलेले असतात. चोवीस व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर दोघांच्याही जॅकमध्ये सारखाच घट्ट बसतो. एकाला तो चालतो. दुसऱ्याची मर्यादा वीसची, शिफारस बाराची. अ‍ॅडॅप्टर हाती घेण्यापूर्वी बोर्ड उलटा करून त्याच्या पाठीवर काय छापले आहे ते वाचावे.